‘दुसरी पृथ्वी सापडली’ म्हणे! मंद ताऱ्याच्या ग्रहाचा हिशोब घरच्या घरी

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्याने एक मेसेज ढकलला: ‘४० प्रकाशवर्षांवर दुसरी पृथ्वी, तिथे हवाही आहे!’ खाली निळाशार समुद्र, हिरवी बेटं आणि आकाशात दोन चंद्र. दहा मिनिटांत त्यावर पाचसहा जोडलेले हात येऊन पडले आणि बारावीतल्या भाचीचा मला वेगळा मेसेज आला, ‘मामा, यातलं खरं किती?’

ग्रह खरा होता. ४० प्रकाशवर्षंही खरी. हवेचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं आणि चित्र कुणीतरी संगणकावर बसून रंगवलेलं होतं. एवढं सांगून भागलं असतं, पण ती रविवारी वही घेऊनच आली. मग आम्ही दोघांनी त्या ग्रहाचा सगळा हिशोब चहाच्या दोन फेऱ्यांत मांडला. तोच इथे पायरीपायरीने देतोय. दहावीचं गणित पुरतं. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरा, म्हणजे बहुतेक फोनांवर घात आणि मुळांची बटणं दिसतात.

ग्रहाचं नाव ट्रॅपिस्ट-१ ई. तारा ट्रॅपिस्ट-१, कुंभ राशीत, साधारण ४०.७ प्रकाशवर्षं दूर. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या मिकाएल गिलोन यांच्या गटाने चिलीतल्या ला सिला इथल्या ६० सेंटिमीटरच्या लहानशा दुर्बिणीतून या ताऱ्यावर नजर ठेवली होती. २०१६ मध्ये त्यांनी तीन ग्रह जाहीर केले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये आकडा सातवर गेला. आतून बाहेर त्यांची नावं बी ते एच. पहिल्या शोधाच्या वेळी जगातल्या ज्या इतर दुर्बिणींची मदत झाली, त्यांत लडाखमधल्या हानले इथली आपली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीणही होती. ही गोष्ट आपल्याकडच्या बातम्यांत फारशी येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पायरी १: ग्रह राहू द्या, आधी तारा बघा

बातमीत ग्रहाचं वर्णन चार परिच्छेद असतं आणि ताऱ्याचं एक ओळ. आपण उलटं करायचं. ताऱ्याच्या तीन गोष्टी शोधा: पृष्ठभागाचं तापमान, त्रिज्या आणि वस्तुमान. नासाचं एक्झोप्लॅनेट अर्काइव्ह सगळ्यांना खुलं आहे, तिथे ताऱ्याचं नाव टाकलं की हे आकडे मिळतात. ट्रॅपिस्ट-१चे असे आहेत:

तापमान २५६६ केल्विन, त्रिज्या सूर्याच्या ०.११९ पट, वस्तुमान सूर्याच्या ०.०८९८ पट.

तारा म्हणावा असा हा जेमतेमच. आकाराने गुरू ग्रहापेक्षा थोडासाच मोठा. अशा ताऱ्यांना लाल बटू म्हणतात. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांतले साधारण तीन याच जातीचे, तरी नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही. ‘लाल’ हा शब्द मात्र डोळ्यांची फसवणूक करतो. घराघरांत पूर्वी जो पिवळा बल्ब असायचा, त्याच्या तारेचं तापमान २७०० केल्विनच्या आसपास असतं. म्हणजे ट्रॅपिस्ट-१ त्या बल्बच्या तारेपेक्षाही किंचित थंड. जवळून पाहिला तर तो रक्तासारखा लाल नाही, जुन्या बल्बासारखा पिवळट-नारिंगी दिसेल. बल्बप्रमाणेच त्याचीही बहुतेक ऊर्जा उजेडात न जाता अवरक्त किरणांत, म्हणजे धगीत जाते.

आता त्याची एकूण तेजस्विता काढू:

तेजस्विता = त्रिज्येचा वर्ग × (तापमान ÷ ५७७२) चा चौथा घात

५७७२ हे सूर्याचं तापमान. ०.११९ चा वर्ग ०.०१४२. २५६६ भागिले ५७७२ म्हणजे ०.४४५, त्याचा चौथा घात ०.०३९. गुणाकार ०.०००५५३. सूर्याच्या सुमारे अठराशेवा हिस्सा.

हा आकडा वहीत चौकटीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: ग्रह ताऱ्यापासून किती लांब?

इथे केपलरचा तिसरा नियम:

अंतराचा घन = ताऱ्याचं वस्तुमान × प्रदक्षिणाकाळाचा वर्ग

अंतर खगोलीय एककात येतं (पृथ्वी–सूर्य अंतर म्हणजे एक) आणि काळ वर्षांत घ्यायचा. ई ग्रह ६.१० दिवसांत एक फेरी मारतो. ६.१० भागिले ३६५.२५ म्हणजे ०.०१६७ वर्ष. त्याचा वर्ग ०.०००२७९, गुणिले ०.०८९८, उत्तर ०.०००००२५१ नाही, ०.००००२५१. शून्यं मोजताना बोट ठेवा, मी आत्ता लिहितानाही चुकलो. घनमूळ ०.०२९३.

काळ ‘वर्षांत’च घ्या असं का म्हणतोय तेही सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा दिवस तसेच ठेवले होते. उत्तर आलं १.५. जवळपास मंगळाच्या कक्षेएवढं, म्हणजे दिसायला अगदी शहाणं उत्तर. मी खुशीत पुढे गेलो आणि ग्रहाचं तापमान उणे २३८ अंश सेल्सिअस आलं, तेव्हा कुठे पेटलं. चुकीचं उत्तर वेडंवाकडं असलं की लगेच पकडता येतं, असं सभ्य दिसलं की त्रास देतं.

०.०२९३ खगोलीय एकक म्हणजे साधारण ४४ लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३.८४ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे हा ग्रह त्याच्या ‘सूर्या’पासून चंद्राच्या अकरा-बारा पटच लांब. सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या कितीतरी आत बसतात. शेजार इतका दाट, की ई वरून पाहिलं तर डी आणि एफ हे ग्रह सर्वांत जवळ येतात तेव्हा आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढे दिसतील. आत्याच्या चित्रातले दोन चंद्र त्या मानाने अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे.

पायरी ३: ऊन किती पडतं?

ऊन = तेजस्विता ÷ अंतराचा वर्ग

०.०००५५३ भागिले ०.०००८५८ केलं की ०.६४५ येतं. पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाच्या ६४-६५ टक्के. तुलनेला दोन घरचे आकडे: शुक्रावर १.९१, मंगळावर ०.४३. ई त्या दोघांच्या मध्ये, मंगळापेक्षा बरा.

शेकोटीपासून चार हात लांब बसलं तरी ऊब लागते. निरांजनावर हात शेकायचा तर तळवा ज्योतीजवळच न्यावा लागतो. लाल बटूची सगळी कथा एवढ्यात आहे. ऊन पुरेसं मिळायचं तर ग्रहाने ताऱ्याला बिलगूनच फिरायला हवं, आणि पुढच्या सगळ्या भानगडी या बिलगण्यातूनच निघतात.

आता तो प्रसिद्ध ‘वसतियोग्य पट्टा’. पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल असा अंतराचा टापू, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातही ग्रहाला योग्य अशी हवा आहे हे आधीच गृहीत धरलेलं असतं. इतक्या थंड ताऱ्यासाठी हा पट्टा साधारण ०.९ ते ०.२२ इतक्या उन्हात बसतो. सूर्यासाठीच्या मर्यादा यापेक्षा वरच्या आहेत. फरकाचं कारण मोठं गमतीचं आहे: बर्फ आणि पाण्याची वाफ दोन्ही अवरक्त किरण चांगले शोषून घेतात. सूर्याच्या उजेडात आरशासारखा चमकणारा बर्फ लाल बटूच्या उजेडात बराचसा ‘काळा’ पडतो आणि तापतो. म्हणून कमी उन्हातही भागतं, पण त्याच कारणाने थोड्या जास्त उन्हातच वाफेचा भडकाही लवकर उडतो.

सातांपैकी ई, एफ आणि जी या पट्ट्यात बसतात. डी वर ऊन १.१, तो थोडक्यात आतल्या बाजूला राहिला.

बहुतेक बातम्या या पायरीवर येऊन थांबतात आणि मथळा छापून मोकळ्या होतात.

पायरी ४: तापमान काढा आणि त्यावर विश्वास ठेवू नका

तापमान (केल्विन) = २७८.५ × [ऊन × (१ – परावर्तन)] चं चौथं मूळ

चौथं मूळ म्हणजे वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं. परावर्तन म्हणजे ग्रह किती उजेड परत फेकतो. ई चं आपल्याला माहीत नाही, म्हणून शून्य धरू. ०.६४५ चं वर्गमूळ ०.८०३, पुन्हा वर्गमूळ ०.८९६, गुणिले २७८.५ म्हणजे २५० केल्विन. त्यातून २७३ वजा केले की उणे २३ अंश सेल्सिअस.

भाचीचा चेहरा पडला. ‘म्हणजे गोठलेला?’

मी म्हटलं, आता पृथ्वीचं काढ. ऊन १, परावर्तन ०.३. उत्तर आलं २५५ केल्विन, उणे १८ अंश. आपली पृथ्वी या सूत्राप्रमाणे गोठलेली! प्रत्यक्षात तिचं सरासरी तापमान अधिक १५ आहे. मधले ३३ अंश हवेच्या गोधडीचे.

मग शुक्राचं. ऊन १.९१, पण ढगांमुळे परावर्तन तब्बल ०.७६. उत्तर २२९ केल्विन, म्हणजे उणे ४४ अंश सेल्सिअस. या सूत्राच्या हिशोबाने शुक्र पृथ्वीपेक्षा थंड. प्रत्यक्षात तिथे ४६० अंशांच्या वर तापमान आहे, शिसं वितळतं.

हा शुक्राचा आकडा प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने काढावा असं मला फार वाटतं. त्यानंतर ‘या ग्रहाचं तापमान सुखद २० अंश’ असं कुठे वाचलं की आपोआप प्रश्न पडतो, हवेसकट की हवेशिवाय?

पायरी ५: खडक आहे की वायूचा गोळा?

८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला शुक्राचं अधिक्रमण अनेकांनी काळ्या चष्म्यातून पाहिलं असेल. सूर्यबिंबावरून एक टिकलीएवढा ठिपका सरकत गेला. दूरच्या ताऱ्याचं बिंब आपल्याला दिसत नाही, पण ग्रह समोरून जाताना उजेड किंचित घटतो तो मोजता येतो.

उजेडातली घट = (ग्रहाची त्रिज्या ÷ ताऱ्याची त्रिज्या) चा वर्ग

ई ची त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२ पट. तारा पृथ्वीच्या तेरापट. ०.९२ भागिले १३, त्याचा वर्ग ०.००५. अर्धा टक्का घट. हीच पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कुणी परक्याने पाहिली तर घट ०.००८४ टक्के, जवळपास साठपट कमी. शिवाय पृथ्वीचं अधिक्रमण त्या परक्याला वर्षातून एकदा दिसेल, ई चं आपल्याला दर सहा दिवसांनी दिसतं. शास्त्रज्ञ या मंद ताऱ्यांच्या मागे का लागतात, याचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. तिथे जीवसृष्टीची शक्यता जास्त असते असं काही नाही. मोजमाप शक्य असतं.

त्रिज्या मिळाली, आता वस्तुमान. ट्रॅपिस्ट-१च्या बाबतीत ते मोठ्या झकास रीतीने मिळालं. सातही ग्रहांच्या फेऱ्या एकमेकींशी तालात आहेत: डी तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात ई च्या दोन होतात, ई च्या तीन होतात तेवढ्यात एफच्या दोन. असे शेजारी पुन्हा पुन्हा त्याच जागी भेटले की एकमेकांना खेचतात आणि अधिक्रमणाची वेळ पुढेमागे होते. त्या पुढेमागे होण्यावरून प्रत्येकाचं वजन निघालं. ई चं पृथ्वीच्या ०.६९ पट.

घनता = वस्तुमान ÷ त्रिज्येचा घन. ०.६९ भागिले ०.७८ म्हणजे पृथ्वीच्या ०.८९ पट, घनसेंटिमीटरला जवळपास ४.९ ग्रॅम. खडकच. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ८२ टक्के, म्हणजे तिथल्या ताणकाट्यावर साठ किलोचा माणूस एकोणपन्नास भरेल.

ढोबळ खूणगाठ अशी बांधा: त्रिज्या पृथ्वीच्या १.६ पटीच्या वर गेली की ग्रहाभोवती वायूचं जाड आवरण असण्याचीच शक्यता जास्त. आणि ग्रह त्याच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डुलण्यावरून सापडला असेल, अधिक्रमण दिसत नसेल, तर त्रिज्या मिळत नाही आणि वस्तुमानही ‘कमीत कमी इतकं’ एवढंच कळतं.

पायरी ६: घोडा का अडला, भाकरी का करपली?

जुनं कोडं आहे, उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. ताऱ्याच्या इतकं जवळ असलेल्या ग्रहाचं नेमकं हेच होतं. ज्या ओढीने समुद्राला भरती येते, तीच ओढ ग्रहाच्या खडकालाही ताणते आणि त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं हळूहळू बांधून टाकते. चंद्राचं तेच झालंय, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. अंतर निम्मं केलं तर ग्रह असा बांधला जायला लागणारा काळ चौसष्टपट कमी होतो. सहा दिवसांच्या कक्षेतला ई बांधला गेलेला असणार, असंच सगळे धरून चालतात. म्हणजे एका बाजूला कायमची दुपार, दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र.

पूर्वी अशा ग्रहांवर लोक इथेच फुली मारायचे. भीती अशी, की रात्रीच्या बाजूला इतकी थंडी पडेल की हवाच गोठून जमिनीवर साचेल. पण हवेचा थर पुरेसा जाड असेल तर वारे उष्णता पलीकडे वाहून नेतात, हे संगणकावरच्या हवामान-प्रतिमानांनी दाखवलं. २०१३ मधल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: पाणी असेल तर भर दुपारच्या बाजूवर ढगांचा जाड पट्टा कायम उभा राहतो आणि तो ऊन परत फेकतो. भाकरीवर छत्री!

आणि ‘बांधला गेला असणार’ हेही जरा हात राखूनच म्हणायचं. बुधाची एकच बाजू सूर्याकडे असते, असं १९६५ पर्यंत पाठ्यपुस्तकांत छापलं जायचं. मग रडारने मोजलं, तर तो सूर्याभोवतीच्या दोन फेऱ्यांत स्वतःभोवती तीनदा फिरताना सापडला.

सारांश काय, या पायरीवर ग्रह नापास करू नका. खरी अडचण पुढे आहे.

पायरी ७: ताऱ्याचा स्वभाव आणि त्याचं बालपण

लाल बटू दिसायला मंद, पण रागीट. त्यांची चुंबकीय क्षेत्रं जोरदार असतात आणि पृष्ठभागावर वारंवार ज्वालांचे उद्रेक होतात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्सिमा हाही लाल बटूच. १ मे २०१९ ला त्याचा एक उद्रेक अनेक दुर्बिणींनी एकाच वेळी टिपला: काही सेकंदांत अतिनील किरणांत तारा १४,००० पट उजळला. त्याचा ग्रह प्रॉक्सिमा बी पृथ्वी–सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्यावर फिरतो. निरांजनाची वात तडतडते तेव्हा तळवा ज्योतीजवळ असलेल्याचं काय होतं, ते सांगायला नको.

उद्रेकांपेक्षा मला ताऱ्याचं बालपण जास्त काळजीचं वाटतं. याची बातम्यांत दखलच घेतली जात नाही. सूर्यासारखा तारा जन्मानंतर काही कोटी वर्षांत स्थिरावतो. अगदी लहान ताऱ्याला आकसून स्थिर व्हायला शंभर कोटी वर्षांपर्यंत काळ लागू शकतो, आणि तोवर तो आजच्या कितीतरी पट प्रखर असतो. म्हणजे आज ‘पट्ट्यात’ बसणारा ग्रह तेव्हा भट्टीत होता. समुद्र असले तरी त्यांची वाफ होते, वाफेतल्या पाण्याचे रेणू अतिनील किरणांनी फुटतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. म्हणून अशा ग्रहावर उद्या ऑक्सिजन सापडला, तर तो झाडांचा असेलच असं नाही. तो मेलेल्या समुद्राचा अवशेषही असू शकतो.

दुसरी बाजू हीही, की लाल बटू फार काटकसरी. सूर्याचं एकूण आयुष्य हजार कोटी वर्षांचं, यातल्या लहानांचं लाख कोटी वर्षांहून मोठं. ट्रॅपिस्ट-१चं वय सात-आठशे कोटी वर्षं असावं, सूर्यापेक्षा बरंच जास्त, तरी त्याच्या हिशोबाने तो पाळण्यातच आहे.

पायरी ८: हवा आहे का?

इथे वही मिटायची. हवा सूत्राने निघत नाही, ती पाहावी लागते.

जेम्स वेब दुर्बीण ती दोन प्रकारे पाहते. पहिला प्रकार म्हणजे तव्याला हात न लावता तो किती तापलाय ते बघणं. ग्रह ताऱ्यामागे जाण्याआधी आणि गेल्यावर येणारी धग मोजायची, फरक तो ग्रहाच्या तापलेल्या बाजूचा. सर्वांत आतल्या बी ग्रहाची दिवसाची बाजू २०२३ मध्ये सुमारे ५०० केल्विन भरली. उष्णता पलीकडे वाहून नेणारी दाट हवा असती तर ती ४०० च्या आसपास दिसली असती. म्हणजे उघडा खडक, किंवा फार तर नावापुरती हवा. त्यानंतर सी: ३८० केल्विन. शुक्रासारखी दाट कार्बन डायऑक्साइडची हवा तिथेही नाही.

दुसरा प्रकार अधिक्रमणाच्या वेळचा. ग्रहाभोवती हवा असेल तर ताऱ्याचा थोडा उजेड तिच्यातून गाळून येतो आणि वर्णपटावर त्या वायूंच्या खुणा उमटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये डी चा निकाल आला: पृथ्वीसारख्या हवेची खूण नाही. सप्टेंबरमध्ये ई चा आला आणि तोच आत्यापर्यंत पोचला. त्यात चार अधिक्रमणांचे वर्णपट होते. हायड्रोजनचं मूळ जाड आवरण आता उरलेलं नाही, एवढं बऱ्यापैकी कळलं. पुढचं दुहेरी आहे: नायट्रोजनची हवा आणि थोडा मिथेन या चित्राशीही मोजमाप जुळतं, आणि नुसत्या उघड्या खडकाशीही. ‘हवा असू शकते’चं ‘हवा आहे’ वाटेत कुठेतरी झालं.

घोळ ताऱ्यामुळे आहे. त्याच्या पृष्ठभागावर डाग आहेत, ते डाग सतत बदलतात, आणि तारा मुळातच इतका थंड की त्याच्या स्वतःच्या अंगावरही पाण्याच्या वाफेचे रेणू असतात. दिसलेली खूण ग्रहाची की ताऱ्याची, हेच ठरत नाही. २०२३ मध्ये जीजे ४८६ बी या दुसऱ्या लाल बटूच्या ग्रहाबाबत अगदी हेच झालं: पाण्याची खूण दिसली, पण ग्रहाची की ताऱ्यावरच्या डागांची ते सांगता आलं नाही.

यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. बी जवळपास उघडा खडक आहे हे आता माहीत आहे. मग बी आणि ई लागोपाठ ताऱ्यासमोरून जातील अशा वेळा गाठायच्या. बीच्या वर्णपटात जे काही दिसेल ते ताऱ्याचंच, कारण बीकडे स्वतःची हवा नाही. ते ई च्या वर्णपटातून वजा करायचं. किराणा दुकानदार आधी रिकामा डबा तोलून घेतो, तसं. ही निरीक्षणं २०२५ मध्ये सुरू होती. शिवाय लाल बटूंच्या खडकाळ ग्रहांवर हवा टिकते की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी वेब दुर्बिणीचे ५०० तास वेगळे राखून ठेवले आहेत.

पायरी ९: बातमी हातात आली की

दोन जुनी प्रकरणं लक्षात ठेवली तर पुष्कळ भागतं.

२०१० मध्ये ग्लीझ ५८१ या लाल बटूभोवती ‘जी’ नावाचा ग्रह जाहीर झाला, वसतियोग्य पट्ट्याच्या मधोमध. जगभर गाजला. दुसऱ्या गटांना तो सापडेना. २०१४ मध्ये ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालींचा नीट हिशोब केला, तेव्हा हा जी तर गेलाच, त्याच्याबरोबर आधी जाहीर झालेला डी सुद्धा गेला. अख्खे ग्रह ताऱ्यावरच्या चुंबकीय खळबळीचे भास ठरले.

दुसरं ताजं: एप्रिल २०२५, के२-१८ बी. केंब्रिजमधले निक्कू मधुसूदन हे आपल्याकडे बनारसला शिकलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून येतो. आता आपल्या पायऱ्या लावा. तारा लाल बटू. ऊन ठीक. पण पायरी ५ वर त्रिज्या पृथ्वीच्या २.६ पट, वस्तुमान साडेआठपट. हा पृथ्वीसारखा खडक नव्हे. खात्री ‘तीन सिग्मा’ (दिसलेली खूण निव्वळ योगायोग नाही, याच्या खात्रीचं माप म्हणजे सिग्मा), आणि शोध म्हणून मान्य व्हायला पाच लागतात. तीच मोजमापं घेऊन इतर गटांनी हिशोब केला तेव्हा ती खूण ठामपणे निघाली नाही. मधुसूदन यांच्या गटानेही मूळ लेखात आणखी निरीक्षणं हवीत असं म्हटलं होतंच, मथळ्यांनी ते वाक्य गाळलं.

म्हणून बातमीत मी चार गोष्टी बोटाने शोधतो: त्रिज्या दिली आहे का, मोजलंय की प्रतिमानातून काढलंय, खात्री किती सिग्मा, आणि चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ लिहिलंय का.

डोळ्यांनी पाहायचा असेल तर

ट्रॅपिस्ट-१ विसरा. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) १८.८, घरच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी कुंभ राशीकडे बोट दाखवून ‘तिकडे’ म्हणता येतं, इतकंच. पण लालांद २११८५ हा लाल बटू साडेसातव्या प्रतीचा आहे, अंतर फक्त ८.३ प्रकाशवर्षं. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षीच्या चौकोनाखालचा, सिंहेच्या बाजूचा भाग आपल्याकडून जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. अंधारी जागा, १०×५० ची द्विनेत्री आणि फोनवरचा तारकानकाशा एवढ्यावर तो सापडतो. दिसायला काहीही नाही, एक फिकट ठिपका. भाचीने पाहिला आणि म्हणाली, ‘एवढाच?’

तिला मी त्या रात्री गृहपाठ दिला, तो तुम्हीही करा. प्रॉक्सिमा बी. ताऱ्याचं तापमान २९०० केल्विन, त्रिज्या ०.१५४, वस्तुमान ०.१२२, ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ ११.१९ दिवस. दिवसांची वर्षं करायला विसरू नका. अंतर ०.०४९ च्या जवळ आणि ऊन ०.६४ च्या आसपास आलं तर हिशोब बरोबर आहे. ते ऊन ट्रॅपिस्ट-१ ई एवढंच निघतं, पण हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही, त्यामुळे पायरी ५ वर तुमची वही कोरी राहील.